गारगोटी बुडायला हवी होती, ती फेसावर चढून बसली. चूक कुठे?

खडूफळा (नाशिकरोड) — शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दहावीच्या पुस्तकात फेनतरण पद्धती असते, ती आठवत असेलच: धातुकाची पूड, पाणी, पाइन तेल, फेस; धातूचे कण फेसाबरोबर वर, माती-दगड तळाला. मुलं ते परिच्छेदासारखं पाठ करतात आणि विसरतात. यंदा प्रदर्शनासाठी चार मुलांनी हट्ट धरला की हे प्रत्यक्ष करायचं. सल्फाइडचं धातुक कुठून आणणार? म्हणून साधा खेळ ठरवला. चुनखडी आणि गारगोटी यांची पूड अर्धी-अर्धी मिसळायची आणि साबणाने वेगळी करायची. चुनखडी साबण धरते आणि तरंगते, गारगोटी धरत नाही आणि बुडते, असं वाचलं होतं.

साहित्य असं. गारगोटी पांडवलेणीच्या बाजूला खडीच्या ढिगात सापडलेली, स्वच्छ, पारदर्शक. घरच्या लोखंडी खलबत्त्यात कुटली, चाळली, अगदी बारीक धूळ धुऊन काढून टाकली. साबण म्हणजे सोडियम ओलिएट, प्रयोगशाळेतलं. पाणी आमच्या सोसायटीच्या बोअरचं. काचेच्या उंच नळीत तळाला माशांच्या टाकीचा एअरस्टोन.

झालं काय, तर सगळंच तरंगलं. मग नुसती गारगोटी घालून पाहिली. तीही निम्म्याहून जास्त वर! पीएच पट्टीवर ८ च्या आसपास. मुलं माझ्याकडे बघतायत, मी नळीकडे. कोणाला काही सुचतंय का?

---

तर्रीवाला — शनिवार, रात्री ११:०२

आमच्याकडे रस्सा केला की तर्री आपोआप वर येते, साबण लागत नाही. (बाकी काही कळत नाही, पण धागा वाचतोय.)

---

गारगोटीवेडा (सिन्नर) — शनिवार, रात्री ११:१५

आधी खात्री करा की ती गारगोटीच आहे. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट अशी झिओलाइट मंडळी आणि त्यांचे सोबती भरपूर असतात, आणि कॅल्साइटही असतं. पारदर्शक दिसलं म्हणजे क्वार्ट्झ, असं नाही. चाकूने चरा पडतो का बघा. गारगोटीवर चाकूचा चरा उमटत नाही, कॅल्साइटवर सहज उमटतो. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये मुलांना एकदा नेलंत तर हे सगळं एका दुपारी कळेल. नाव गारगोटी असलं तरी तिथे बघायला खरे झिओलाइटच आहेत.

---

खडूफळा — रविवार, सकाळी ७:५०

चाकू चालवला, चरा नाही. आम्लाचा थेंब टाकला, फसफस नाही. गारगोटीच आहे.

---

जुना_मिलवाला (इंदिरानगर) — रविवार, सकाळी ८:३०

मॅडम, नोकरीची बहुतेक वर्षं राजस्थानात शिसं-जस्ताच्या कॉन्सन्ट्रेटरवर (फेनतरणाने धातुक वेगळं करणाऱ्या कारखान्यात) गेली, आता नाशिकला निवृत्त. तुमची नळी वाचून हसू आलं, कारण आमच्या शंभर घनफुटांच्या सेलमध्येही हेच व्हायचं. जे बुडायला हवं ते वर.

आधी एक प्रश्न. साबण न घालता, नुसती हवा सोडून चालवून बघितलंत का? बारीक कण पाण्याबरोबर फेसात नुसते वाहूनही जातात. त्याला तरंगणं म्हणत नाहीत.

---

खडूफळा — रविवार, सकाळी ८:४४

हो सर, तेवढं केलं होतं. साबणाशिवाय एक कणही वर टिकत नाही. साबण टाकला की चढतात.

---

जुना_मिलवाला — रविवार, सकाळी ९:२०

मग खरंच तरंगतंय, आणि कोणीतरी मध्यस्थ आहे.

गारगोटीचा पृष्ठभाग पाण्यात पीएच २ च्या वर गेला की ऋण. ओलिएटचा आयनही ऋण. दोघे एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून शुद्ध पाण्यात साबणाने गारगोटी तरंगत नाही, हे तुम्ही वाचलंत ते बरोबरच. पण मध्ये एखादा धन आयन आला, पृष्ठभागावर जाऊन बसला, तर त्याच्या पाठीवर साबण चिकटतो. सोयरीक जुळली. मग गारगोटीला बाहेरून मेणचटपणा येतो, पाणी तिच्यावरून सरकतं आणि बुडबुडा चिकटतो.

आता महत्त्वाचं. कुठलाही धातू-आयन कुठल्याही पीएचला हे काम करत नाही. १९६० च्या दशकात फ्युर्स्टेनाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फोनेट कलेक्टर वापरून हे मोजलं होतं (कलेक्टर म्हणजे कणाला चिकटून त्याला फेसावर चढवणारं रसायन, तुमच्या साबणासारखं). गारगोटी तरंगू लागायला लोहाच्या आयनाला पीएच ३ च्या आसपास पुरतो, ॲल्युमिनियमला ४ च्या जवळ, शिशाला साधारण ६.५, मँगनीजला ८.५, मॅग्नेशियमला ११ च्या जवळ आणि कॅल्शियमला १२. आयन नुसता असताना नाही, तर पाण्यातला एक हायड्रॉक्सिल पकडून अर्धवट जलविघटित झाला की मग तो पृष्ठभागाला घट्ट धरतो. म्हणून ज्याचं जलविघटन लवकर होतं तो कमी पीएचला कामाला लागतो.

तुमचा पीएच ८. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम ८ ला गारगोटीला हात लावणार नाही. तो फार तर तुमच्या साबणाचा चोथा करेल.

माझा संशय खलबत्त्यावर आहे.

---

खडूफळा — रविवार, सकाळी ९:३१

खलबत्ता आजेसासूबाईंचा आहे सर, त्याच्यावर आळ?

---

जुना_मिलवाला — रविवार, सकाळी ९:४०

त्यांची माफी मागून सांगतो, होय. गारगोटी लोखंडापेक्षा कठीण. कुटताना लोखंडच झिजतं आणि पूड बाहेरून किंचित मळकट होते. ते लोह पाण्यात गंजून गारगोटीच्या कणांवर पातळ पापुद्र्यासारखं बसतं, आणि त्यावर साबण आनंदाने बसतो. कारखान्यात पोलादी गोळ्यांच्या मिलमधून माल आला की हाच प्रकार होतो, म्हणून प्रयोगशाळेत गारगोटीचा अभ्यास करणारे चिनीमातीच्या किंवा अगेटच्या खलात दळतात आणि वर आम्लाने धुतात.

पूड हायड्रोक्लोरिक आम्लात थोडी गरम करा (हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी), डिस्टिल्ड पाण्याने खूप वेळा धुवा, आणि मग परत बघा.

---

प्लेटिंगवाला (सातपूर) — रविवार, सकाळी १०:०५

धुण्याचं पहिलं पाणी फेकू नका, थोडं बाजूला काढा. त्यात थायोसायनेटचा एक थेंब. लाल झालं तर लोह. आमच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करतो तिथे) रोजची चाचणी आहे, मुलांना आवडेल.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव — रविवार, दुपारी १:१०

धागा वाचला, सगळं कळलं नाही, पण एक विचारतो. मिलवाले काका, तुम्ही जस्ताच्या धातुकाला मोरचूद आणि चुना घालता असं कुठंतरी वाचलं. आमची बोर्डोची टाकी पण तीच! एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. द्राक्षावर केवडा, म्हणजे बुरशीचा रोग, येऊ नये म्हणून. मग तुमच्याकडं मोरचूद काय करतं? जस्ताला केवडा होतो का?

---

जुना_मिलवाला — रविवार, दुपारी ४:००

दादा, तुमच्या प्रश्नामुळे दुपारची झोप मोडली, पण छान विचारलंत.

जस्ताचं मुख्य धातुक म्हणजे झिंक ब्लेंड, जस्ताचं सल्फाइड. आमचा कलेक्टर झँथेट. (कलेक्टर म्हटलं की नाशिककराला सीबीएसजवळचं कार्यालय आठवतं, पण आमचा कलेक्टर पिवळट, पिंपात येणारा आणि कुजक्या कोबीसारखा वास मारणारा.) १९२५ मध्ये केलर नावाच्या रसायनज्ञाने त्याचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर सल्फाइडचं फेनतरण पार बदललं. अल्कोहोल, अल्कली आणि कार्बन डायसल्फाइड यांपासून तो होतो. एका टोकाला गंधक, जे धातूला धरतं, दुसऱ्या टोकाला कार्बनची शेपटी, जी पाण्याला नको असते.

शिशावर झँथेट पटकन बसतो, कारण शिशाचं झँथेट पाण्यात विरघळत नाही. जस्ताचं झँथेट मात्र बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून बसलं तरी टिकत नाही, वाहून जातं. आखूड शेपटीचा झँथेट घातला तर झिंक ब्लेंड साफ दुर्लक्ष करतं.

मग मोरचूद. तांब्याचा आयन झिंक ब्लेंडच्या पृष्ठभागावरच्या जस्ताला उठवून स्वतः बसतो. जस्ताचा आयन पाण्यात जातो. हे का घडतं, तर तांब्याचं सल्फाइड जस्ताच्या सल्फाइडपेक्षा कितीतरी कमी विरघळतं. बाहेरून कातडी तांब्याची झाली की झँथेट तिला तांबं समजून धरतो. आत जस्तच आहे, वेष पालटला.

हा अदलाबदलीचा प्रकार तुम्ही दर हंगामात बघता. बोर्डो तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवता ना? पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला असं ओळखता. तिथं लोह पाण्यात उतरतं आणि तांबं पात्यावर बसतं. आमच्याकडे लोहाऐवजी जस्त. फरक एवढा की आमच्या सल्फाइडवर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होण्याआधी जागाच बदलते.

आणि चुना? आम्ही तो मुख्यतः पीएच वाढवायला आणि पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड, दाबायला, म्हणजे तरंगू न द्यायला, घालतो. पीएच १०-११ च्या वर पायराइट झँथेटला सहसा दाद देत नाही. मेलबर्नच्या वार्क आणि कॉक्स यांनी १९३० च्या दशकात बुडबुड्याचा कोन मोजून दाखवलं होतं की कलेक्टर जास्त घातला तर दाबायला पीएचही जास्त लागतो. हायड्रॉक्सिल आणि झँथेट एकाच जागेसाठी भांडतात.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव — रविवार, संध्याकाळी ६:२०

विळ्याचं पटलं. म्हणजे जास्त तांबं मोकळं राहिलं की पाल्याला चटका, तसं तुमच्याकडं जास्त मोरचूद पडलं तर?

---

जुना_मिलवाला — रविवार, रात्री ८:१५

अगदी तिथंच आमचा जीव जायचा. एक किस्सा सांगतो, कारखान्याचं नाव घेत नाही.

आमच्याकडे क्रम असा असतो: आधी शिसं तरंगवायचं, त्या वेळी जस्त दाबून धरायचं (झिंक सल्फेट आणि थोडंसं सायनाइड), मग टेलिंगमध्ये, म्हणजे तळाला उरलेल्या मालात, मोरचूद घालून जस्त उठवायचं. एका उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली. टेलिंग डॅमचं पाणी परत मिलमध्ये आणायला सुरुवात केली. दोन दिवसांत शिशाच्या फेसात जस्त चढायला लागलं. शिशाचा फेस गडद, चकचकीत करडा असतो, तो तपकिरी दिसायला लागला. पाळीचा फोरमन फेसाकडे बघून म्हणाला, साहेब, लाजतोय फेस.

आम्ही झँथेटच्या पुरवठादाराला शिव्या दिल्या. पिंप बदललं, डोस कमी केला, वाढवला. तीन पाळ्या गेल्या. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका पोराने परतीचं पाणी तपासलं. त्यात तांबं सापडलं. जस्ताच्या सेलमध्ये घातलेलं मोरचूद पूर्ण वापरलं जात नव्हतं, उरलेलं डॅममधून फिरून मिलमध्ये, म्हणजे शिशाच्याही आधी, येत होतं. झिंक ब्लेंड दळतानाच वेष पालटून तयार. मग झिंक सल्फेटने ते कसं दबणार? सायनाइड थोडा वाढवल्यावर आवरलं, कारण सायनाइड तांब्याला पृष्ठभागावरून उचलून स्वतःशी बांधून ठेवतो. कायमचा इलाज म्हणजे पाण्याच्या दोन लाइनी वेगळ्या केल्या.

पुढे पावसाळ्यात उलटा प्रकार. ढिगात भिजत पडलेल्या मालातलं गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, थोडं गंजलं, शिशाचे आयन सुटले, आणि त्यांनीच झिंक ब्लेंडला थोडं उठवलं. तांब्याइतकं नाही, पण पुरेसं.

तेव्हापासून मला कोणी रिएजंट किती घातला विचारलं की मी आधी विचारतो, पाणी कुठलं आहे?

(अवांतर: उदयपूरजवळच्या झावरला जुन्या जस्त-भट्ट्यांच्या मुशींचे ढीगच्या ढीग आहेत, वांग्याच्या आकाराच्या. तिथल्या घरांच्या भिंतींतही त्या मुशी रचलेल्या दिसतात. शतकांपूर्वी तिथे जस्त ऊर्ध्वपातनाने काढत होते. फेस, झँथेट काही नाही, आणि जमिनीतून उचललं ते हाताने निवडून.)

---

प्लेटिंगवाला (सातपूर) — रविवार, रात्री ९:००

काका, हा झँथेट आमच्या ओळखीचा निघाला! ईटीपीत तांबं, निकेल शेवटचं काढायला आम्ही सोडियम डायमिथाइल डायथायोकार्बामेट घालतो. गंधकाची तीच पकड, धातूला धरून खाली बसवतो.

---

जुना_मिलवाला — रविवार, रात्री ९:२५

चुलतभाऊच. डायथायोकार्बामेट फेनतरणातही कलेक्टर म्हणून वापरतात. आणि पिंपळगावच्या दादांनी एम-४५ या बुरशीनाशकाची पुडी उघडली की त्यातलं मॅन्कोझेबही त्याच घराण्यातलं, मँगनीज आणि जस्त बांधलेलं. झायरम म्हणजे तर सरळ जस्ताचं. फक्त तुम्ही खाली बसवता, आम्ही वर काढतो.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव — रविवार, रात्री ९:४१

म्हणजे आमच्या फवारणीच्या टाकीत अख्खी खाण आहे. कांद्याच्या पातीवर पाणी थेंबाथेंबानं घरंगळतं, म्हणून आम्ही स्टिकर घालतो, पातीला ओलं करायला. तुम्ही दगडाला कोरडं करायला कलेक्टर घालता. काम उलटं, पैसे दोन्हीकडं जातात.

---

टेलिंगपोर (धनबाद, मूळ गाव निफाड) — रविवार, रात्री ११:५०

उशिरा आलो. इथे खनिज अभियांत्रिकीत संशोधन करतो. मिलवाल्या काकांचं सगळं मान्य, एक भर घालतो आणि एका गोष्टीवर वाद.

भर: खडूफळा मॅडम, तुमच्या मिश्रणात तिसराही संशयित आहे. चुनखडी स्वतः थोडी विरघळते आणि कॅल्शियमचे आयन पाण्यात सोडते. डिस्टिल्ड पाणी घेतलंत तरी दोन्ही पुडी एकत्र आल्या की पाणी शुद्ध राहत नाही. पीएच ८-९ ला त्रास नाही, पण कोणी कॉस्टिक ओतून पीएच वाढवला तर गारगोटी त्याच कॅल्शियमने उठेल.

वाद: काकांच्या बोलण्यातून असं वाटतं की आयन आधी आणि कलेक्टर नंतर, हाच क्रम. जुनी पद्धत तीच, कारण दोन्ही बाटलीतच मिसळले तर साका होऊन वाया जातात. पण शीलाइट, वुल्फ्रमाइट, कॅसिटेराइट अशा टंगस्टन-कथलाच्या खनिजांसाठी चीनमधल्या गटांनी शिशाचे आयन आणि बेंझोहायड्रॉक्झॅमिक आम्ल आधीच एकत्र करून ते संयुग कलेक्टर म्हणून घातलं, आणि वेगवेगळं घालण्यापेक्षा ते चांगलं चाललं. तिथे धातू-आयन ॲक्टिव्हेटर (कलेक्टरसाठी पृष्ठभाग तयार करणारा) राहत नाही, कलेक्टरचाच भाग होतो.

---

जुना_मिलवाला — सोमवार, सकाळी ७:१०

झँथेट आणि मोरचूद एकत्र घालून बघ रे बाळा, पिवळा चिखल होईल नुसता.

---

टेलिंगपोर — सोमवार, सकाळी ७:३५

होईल काका, झँथेटचा होईलच, तांब्याचं झँथेट लगेच अवक्षेपित होतं. म्हणूनच हे सगळ्या कलेक्टरांना लागू नाही. हायड्रॉक्झॅमिक आम्लाचं शिशाशी संयुग योग्य प्रमाणात पाण्यात टिकतं आणि त्यावर धन भार उरतो, त्यामुळे ते ऋण पृष्ठभागाकडे स्वतःच खेचलं जातं. प्रमाण चुकलं की तिथेही साका.

---

जुना_मिलवाला — सोमवार, सकाळी ७:५०

धन भार उरतो, ही मेख आहे होय. मग पटलं. आमच्या वेळी हायड्रॉक्झॅमेट महाग म्हणून कोणी हात लावायचं नाही. आणि शिसं परत पाण्यात सोडायचं, त्याचं काय करता?

---

टेलिंगपोर — सोमवार, सकाळी ८:०२

तीच अडचण आहे. शिशाऐवजी लोह किंवा ॲल्युमिनियम वापरून बघणं चालू आहे अनेक ठिकाणी.

---

खडूफळा — बुधवार, रात्री ९:३०

निकाल आला!

आम्लाने धुतल्यावर पहिलं पाणी फिकट पिवळं, थायोसायनेट टाकल्यावर रक्तासारखं लाल. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजेसासूबाईंचा खलबत्ता दोषी ठरला.

मग धुतलेली गारगोटी घेऊन चार नळ्या केल्या. डिस्टिल्ड पाणी, पीएच ७-८: सगळी तळाला, फेस रिकामा. बोअरचं पाणी, पीएच ८: बहुतेक तळाला, पण साबणाचा पांढरा चोथा झाला आणि फेस जेमतेम. शब्दशः दुष्फेन! डिस्टिल्ड पाणी, कॉस्टिकने पीएच ११.५: तळालाच. आणि बोअरचं पाणी, कॉस्टिकने पीएच ११.५: चढली. सर, तुम्ही म्हणालात ते मॅग्नेशियमचं ११ आठवलं.

मग एका मुलीने स्वतःहून पाचवी नळी केली. कॉस्टिकऐवजी धुण्याचा सोडा. बोअरचंच पाणी, पीएच ११ च्या जवळ, पण गारगोटी फारशी चढली नाही, आणि फेसात वेगळीच पांढरी भुकटी. हे काय?

---

टेलिंगपोर — बुधवार, रात्री ९:५०

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. सोड्यातला कार्बोनेट बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम चुनखडी करून बाहेर काढतो, म्हणून उठवायला आयन कमी उरतो. कारखान्यातही जड पाणी असलं की याचसाठी सोडा घालतात. आणि ती पांढरी भुकटी बहुधा तीच ताजी चुनखडी, जी साबण धरून वर आली. व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसेल.

---

खडूफळा — गुरुवार, सकाळी ८:१५

फसफसली.

आता मूळ मिश्रण राहिलं. धुतलेली गारगोटी आणि चुनखडी, डिस्टिल्ड पाणी, पीएच ९. फेसातला माल सुकवून तोलला, आम्लात विरघळवला, उरलेली गारगोटी पुन्हा तोलली. बरीच वेगळी झाली आहे, पण फेसात थोडी गारगोटी अजून येतेच. ती कशी दाबू?

---

जुना_मिलवाला — गुरुवार, सकाळी ८:४०

वॉटर ग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट. ते गारगोटीवर बसतं आणि तिला पाणीप्रिय ठेवतं. पण हात आखडून, जास्त झालं की चुनखडीही दबेल. आणि साबण दोन-तीन हप्त्यांत घाला, एकदम नको. फेस जाड झाला की मधल्या पाण्यात बारीक गारगोटी अडकून वर येते, तर फेसावर वरून डिस्टिल्ड पाण्याची हलकी फवारणी करा.

---

प्लेटिंगवाला (सातपूर) — गुरुवार, सकाळी ९:१०

वॉटर ग्लास विकत घेऊ नका. आमच्या शेजारच्या गाळ्यात फाउंड्री आहे, साच्याची वाळू घट्ट करायला तेच वापरतात. अर्धी बाटली मागून ठेवतो. शनिवारी त्र्यंबक रोडने येणार असाल तर घेऊन जा. बाटलीचं बूच काचेचं नको, चिकटून बसतं, मग फोडावं लागेल.

---

तर्रीवाला — गुरुवार, सकाळी ९:१४

धागा वाचून घरी मिसळीच्या कटावर फुंकर मारून बघितली. बायको विचारते काय चाललंय. सांगितलं, फेनतरण.

---

खडूफळा — गुरुवार, रात्री १०:००

प्लेटिंगवाले दादा, शनिवारी मुलांना घेऊनच येते. प्लास्टिकचं बूच आणते. आणि खलबत्ता परत स्वयंपाकघरात गेला आहे, त्यात आज लसणाची चटणी झाली.